आखणी करणारी हेल्पर

मावशी गणपतीचे डोळे काढायला बसली की आधी एक शिवी हासडायची. कोणाला उद्देशून असं नाही. पदर कमरेला खोचायची, शून्य नंबरचा ब्रश पाण्यात बुडवून ओठांनी त्याला टोक काढायची, आणि मग, "मुडदा बशिवला मेल्यांचा!" असं म्हणून हात मूर्तीकडे न्यायची. नवीन माणूस दचकायचाच. देवासमोर बसून शिव्या? एकदा ऑर्डर द्यायला आलेल्या एका भटजींनी कानांवर हात ठेवले. तर ती म्हणाली, "देवाला नाय देत, भटजीबुवा. शिवी दिली की हात हलका व्हतो. पोटात राग ठेवून डोळा काढला तर तो देवाच्या डोळ्यांत उतरतो. मंग दहा दिवस तुमीच भोगा." भटजींनी तिच्याच हातची मूर्ती निवडली आणि वर आशीर्वाद देऊन गेले.

पेणमध्ये गणपतीचे कारखाने किती आहेत हे पेणकरांना विचारा, मी मोजले नाहीत. मी रोह्याजवळच्या वरसे गावचा. रोज सकाळी रोह्याहून एसटी पकडून यायचो आणि संध्याकाळी अंगभर रंग घेऊन परत जायचो. तेव्हा तिशीचा होतो, लग्न झालेलं, एक मुलगी. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे केलं ते पोरवयात झालं असं म्हणून तुम्ही मला सोडाल. सोडू नका.

कारखान्यात काम उतरंडीनं चालतं. साच्यातून मूर्ती निघते, मग घासकाम, म्हणजे पॉलिश पेपरनं अंग गुळगुळीत करणं. मग रंग, दागिन्यांचं सोनेरी काम, आणि सगळ्यात शेवटी आखणी. आखणी म्हणजे डोळे. भुवई, पापणीची रेघ, कोपऱ्यातली गुलाबी झाक, बुबुळ आणि त्यात शेवटचा पांढरा ठिपका. तो ठिपका पडेपर्यंत मूर्ती म्हणजे नुसता कोरा माल. म्हणून आखणीवाल्याला सगळ्यांत जास्त रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, आणि आखणीवाला म्हणजे पुरुष. बायका घासकामाला. ही पद्धत कोणी घातली ठाऊक नाही, पण सगळे ती देवानंच घालून दिल्यासारखी पाळायचे. आमच्याकडे आखणीला तीन पुरुष होते, त्यातला एक मी. आणि चौथी मावशी.

मावशी खाडीकडच्या गावातली. माहेरचे आणि सासरचे दोघेही मिठागरातले. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. घासकामाला म्हणून आली, आणि एका वर्षी ऐन घाईत आखणीवाला तापानं पडला तेव्हा शेठनं वैतागून तिच्या हातात ब्रश दिला. तिनं काढलेले डोळे बघून शेठनं म्हणे लगेच पुढच्या मूर्तीही तिच्यापुढे सरकवल्या. त्या दिवसापासून ती रोज, आमच्याइतकेच तास, आमच्याच फळीवर बसून आखणी करायची. हजेरीच्या वहीत मात्र तिच्या नावापुढे शेवटपर्यंत 'हेल्पर' असंच राहिलं.

मला आखणी तिनं शिकवली. मी आलो तेव्हा अर्जात बढाया मारल्या होत्या, प्रत्यक्षात एक रेघ सरळ यायची नाही. तिची एक परीक्षा असायची. डोळे झाले की मूर्तीसमोर उभं राहायचं, मग दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे. कुठूनही देव आपल्याकडेच बघतोय असं वाटलं पाहिजे. माझ्या पहिल्या मूर्तीसमोर ती अशी तीन वेळा फिरली आणि म्हणाली, "अरे रोहेकर, तुझा गणपती मना बघतच नाय. दरवाज्याकडं बघतोय. यालाबी तुझ्यासारखी एसटीची घाई!" सगळा कारखाना हसला. मी रडकुंडीला आलो. मग जवळ बसून तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "श्वास सोडून रेघ मार. श्वास धरलास की रेघ भिते." ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही, आणि आज मला ते काही कामाचं नाही.

दुसऱ्या वर्षी मी मुंबईच्या एका मोठ्या ऑर्डरीची वाट लावली. अख्खी रांग तिरळी. एक डोळा भक्ताकडे, दुसरा मोदकाकडे. शेठ दुपारी जेवायला घरी गेला होता, परत येऊन त्यानं बघितलं असतं तर मला तिथूनच हाकललं असतं. मावशीनं डबा झाकला, हात धुतले, नेहमीची शिवी हासडली (या खेपेला ती माझीच होती, नावानिशी) आणि शेठ परत यायच्या आत सगळे डोळे पुसून पुन्हा काढले. डबा तसाच घरी नेला. शेठनं येऊन रांग बघितली आणि माझ्या पाठीवर थाप मारली, "वा रोहेकर, हात बसला तुझा!" मी मावशीकडे बघितलं. ती घासकामाचा पेपर झटकत होती. "बस की रे तोंड वर करून," ती पुटपुटली, "शाबासकी घेताना लाजू नये."

शेठ वाईट माणूस नव्हता असं म्हणायची पद्धत आहे. मी नाही म्हणणार. शेठ गोड माणूस होता. "मावशी आमच्या घरातल्याच," हे त्याचं ठरलेलं वाक्य. सणाला साडी, तिच्या मुलीच्या लग्नात जेवणाची भांडी. आणि रोजाचा विषय निघाला की, "घरच्या माणसाला काय रेट लावायचा, मावशी?" ती हसायची. तिला वाटायचं आम्हा पुरुषांना थोडं जास्त मिळत असेल, प्रवासाचं वगैरे. थोडं म्हणजे किती हे तिनं कधी विचारलं नाही, आणि आम्ही सांगितलं नाही.

सांगितलं ते मीच. चांगुलपणानं नव्हे, फुशारकीनं. माझा रोज वाढला त्या दिवशी पेढे वाटले आणि तोंडातून आकडा निघून गेला. तिच्या रोजाच्या दुपटीलाही थोडा वरच होता. मावशीच्या हातात पेढा होता, तो तिनं तसाच फळीवर ठेवला. "तुना एवढा?" एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिनं शिवी न देता आखणी केली. संध्याकाळी रांग बघितली तर सगळे गणपती रागावलेले. अगदी भुवया चढवून. शेठला कळलंही नाही, त्यानं त्याच भावानं विकले.

पुढच्या महिन्यात ती एक कागद घेऊन आली. पेणला महिला मंडळात एका वकील बाईंचं भाषण झालं होतं, त्यांनी छापील पत्रकं वाटली होती. एकाच प्रकारचं काम करणाऱ्या बाईला आणि पुरुषाला एकच मोबदला द्यायला हवा, न दिल्यास तक्रार करता येते, असं काहीसं त्यात होतं. मावशीनं ते प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून आणलं होतं आणि माझ्यासाठी त्याची झेरॉक्सही काढली होती. "मी चौथी शिकलेली. वकीलबाईनं तोंडी समजावलंन समदं, पण तू शिकलेला हायस, तू नीट वाच. पुरता वाच." मी वरच्या दोन ओळी वाचल्या. "बरोबर आहे की मावशी, समान काम, समान वेतन. कर तक्रार, आम्ही आहोत!" म्हणालो. आयुष्यात इतक्या सहज मी दुसरं काही बोललेलो नाही. त्याच दिवशी दोन नवे चांगले ब्रश आणले होते, त्यांचे केस मोडू नयेत म्हणून ते त्या झेरॉक्समध्ये गुंडाळले आणि माझ्या रंगाच्या डब्याच्या तळाशी ठेवून दिले.

मावशीनं तक्रार केली. खरंच केली. अलिबागला कामगार खात्याच्या कचेरीत जाऊन, अंगठा न लावता सही करून.

शेठ चिडला नाही. त्यानं आम्हा तिघांना मागच्या खोलीत बोलावलं, चहा सांगितला. "कायदा म्हणजे कायदा," तो म्हणाला. "आपण कायदा मोडणारी माणसं नाही. सगळ्यांना सारखं द्यायचं म्हणतात तर देऊ. पण पैसा काय साच्यातून निघतो? मावशींना वर आणायचं तर तुम्हाला खाली आणावं लागेल. मध्ये कुठेतरी भेटू." आणि बशीतलं बिस्किट माझ्यापुढे सरकवत, "तुझी मुलगी यंदा शाळेत ना रे?" एवढंच. दमदाटी नाही, आरडाओरडा नाही. बाहेर आलो तेव्हा आम्ही तिघे एकमेकांकडे बघत नव्हतो. दोघं कुरकुरले की ह्या म्हातारीला या वयात कसली हौस सुचली. मी काही बोललो नाही, पण मलाही तेच वाटलं. घरी जाऊन बायकोला म्हणालो, मावशीनं उगीच आमच्या पोटावर पाय आणला. लाज वाटते आता, पण म्हणालो.

कामगार खात्याचे साहेब आले ती सकाळ मला मिनिटामिनिटानं आठवते. शेठनं मावशीला त्या दिवशी घासकामाला बसवलं होतं. साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी तिला विचारलं, "बाई, तुम्ही आखणी करता असं तुमचं म्हणणं?" ती उठली, हातावरची पांढरी पूड झटकली. "म्हणणं नाय साहेब. काम हाय. पीस आना, दाखवते."

शेठनं स्वतः कोरी मूर्ती आणून ठेवली. मावशीनं पदर खोचला, ब्रशला टोक काढलं आणि सरळ शेठकडे बघून म्हणाली, "मुडदा बशिवला मेल्यांचा." साहेबांचं पेन थांबलं. मग तिनं डोळे काढले. पांढरा ठिपका पडला तेव्हा त्या साहेबांनी, बूट पायात असतानाच, हात जोडले. मावशी त्यांना म्हणाली, "आता दोन पावलं बाजूला व्हा. बघतोय ना तुमच्याकडं?" साहेब बाजूला झाले. "बघतोय," म्हणाले. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. तिला वाटलं, झालं.

साहेब खाली बसले. अगदी मऊपणानं म्हणाले, "बाई, तुम्हाला काम येतं हे मी लिहितो. पण येणं वेगळं आणि तेच काम रोज करणं वेगळं. रोज करता याला काही पुरावा? वहीत तर हेल्पर लिहिलंय."

पुरावा! अहो, तिनं काढलेले हजारो डोळे कुठे होते? मुंबईच्या समुद्रात, ठाण्याच्या तलावांत, पुण्याच्या नदीत. दरवर्षी वाजत-गाजत बुडवले होते लोकांनी. आणि मूर्तीवर आखणीवाल्याची सही नसते. मावशीनं थोडा विचार केला आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्याला विचारा. रोज माझ्या बाजूला बसतो. ह्याचा हात मी बशिवलाय."

साहेबांनी मला विचारलं, "या बाई तुमच्यासारखीच रोज आखणी करतात का?"

शेठ मूर्तीकडे बघत होता. दुसरे दोघे जमिनीकडे. मी म्हणालो, "कधीतरी गर्दीच्या वेळी मदत करते, साहेब."

साहेबांनी 'मदत' हा शब्द लिहिला. मी लिहिताना बघितला. मावशी माझ्याकडे बघत होती, आणि मी वाट बघत होतो की आता ही मला फाडून खाणार, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करणार. तिनं शांतपणे ब्रश धुतला. "व्हय साहेब," म्हणाली. "मदतच करते. ह्या तिघांना आखणी येत नाय ना, म्हणून."

पुरावा नाही म्हणून तक्रार निकाली निघाली. शेठनं तिला कामावरून काढलं नाही, तो तसला माणूस नव्हता. त्यानं फक्त तिच्या हातात परत ब्रश येऊ दिला नाही. "मावशी, मी नाही म्हणत नाही, पण उद्या साहेब परत आले तर? कायद्याचं काम आहे." अख्खा हंगाम ती घासकामाला होती. आमच्या फळीसमोरच बसायची. नाकातोंडाला फडकं बांधून, पांढरी फटक. मी डोळे काढायचो आणि तिला ते समोर दिसायचे. चुकलेले तर हमखास दिसायचे, तिला न दिसतील कसे? पूर्वी तिथूनच ओरडली असती, "ए रोहेकर, आंधळा करतोस काय देवाला?" आता एक शब्द नाही. दुसऱ्या दोघांना ती अजून शिव्या द्यायची, शेठला तर तोंडावर द्यायची. मला नाही. मी मुद्दाम एकदा बुबुळ वाकडं काढलं, मूर्ती तिच्या समोर नेऊन ठेवली आणि विचारलं, "मावशी, बघतोय का हा?" तिनं मूर्तीकडे बघितलं, फडक्याआडून म्हणाली, "तुमच्या कामातलं मना काय कळतं?" तुमच्या! आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला अहो-जाहो केलं होतं. त्या दिवशी मी डबा न उघडताच घरी नेला.

हंगाम संपल्यावर ती निडीला, लेकीकडे राहायला गेली. निरोप नाही, काही नाही. एका सोमवारी तिची जागा रिकामी होती.

पुढचं ऐकून तुम्हाला बरं वाटेल. मलाही अधूनमधून वाटतं. मुंबईहून तक्रारी यायला लागल्या, डोळे पूर्वीसारखे येत नाहीत म्हणून. शेठच्या डोक्यात प्रकाश पडला: बाई निम्म्या रोजात आमच्यापेक्षा चांगली आखणी करत होती. मग पुरुष पोसायचे कशाला? दोन वर्षांत त्यानं आखणीला पाच बायका बसवल्या, सगळ्या हेल्परच्या रोजावर, आणि आम्हा तिघांना नारळ दिला. "आता सगळ्यांना सारखं," मला पाकीट देताना तो म्हणाला. "कायद्यात पुरेपूर बसतं."

मी रोह्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून लागलो. पोती शिवायचं मशीन. शेजारच्या मशीनवर कायम कामगार, तीच पोती, तीच शिफ्ट, तोच घाम. त्याचा पगार माझ्या दुपटीला थोडा वर. पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, "तुला एवढा?" आणि कोणाचा आवाज आला ते मला बरोबर कळलं. मी त्याला म्हणालो, बाबा, साहेब आले तर सांगशील का, आपलं काम एकच आहे म्हणून? त्यानं डोळे वळवले. मी त्याला दोष कुठल्या तोंडानं देऊ?

गेल्या वर्षी मुलीला शाळेत चित्राला ब्रश हवा होता म्हणून जुना डबा काढला. तळाशी ते दोन ब्रश, झेरॉक्समध्ये गुंडाळलेले, एकदाही न वापरलेले. ब्रश तिला दिले आणि कागद टाकायच्या आधी सहज उलगडला. या खेपेला पुरता वाचला. पाचवा मुद्दा असा होता, साध्या मराठीत, जाड अक्षरात: समान मोबदला देण्याच्या नावाखाली मालकाला कोणाचाही चालू मोबदला कमी करता येत नाही. कमी असलेल्याचा वाढवायचा, जास्त असलेल्याचा उतरवायचा नाही.

शेठ आमचा रोज उतरवूच शकत नव्हता. मध्ये कुठे भेटायचंच नव्हतं. ते बिस्किट, तो चहा, मुलीच्या शाळेची चौकशी, सगळं पोकळ. आणि हे माझ्या डब्यात होतं. साहेब समोर उभे होते तेव्हाही होतं, माझ्या पायाशी, दोन हातांवर.

रविवारी गाडीनं निडीला गेलो. स्टेशनवरून विचारत विचारत घर सापडलं. मावशी ओट्यावर होती, पुढ्यात शाडूची छोटी मूर्ती. गावातल्या चार घरांचे गणपती ती आता घरीच करते. खोकत होती. मला बघून म्हणाली, "या. बसा." मी बसलो नाही. कागद काढला आणि पाचवा मुद्दा तिला वाचून दाखवला. म्हणालो, "मावशी, आम्हाला माहीतच नव्हतं गो. शेठनं फसवलं. आमचा रोज कमी होणारच नव्हता."

"मना ठाव होतं," ती म्हणाली.

"तुला? मग तेव्हा बोलली का नाहीस?"

तिनं मूर्ती हलकेच बाजूला ठेवली. "वकीलबाईनं पयलंच सांगितलंन. मी मनात म्हटलं, शेठ ह्या पोरांना हीच भीती घालणार. माझ्या बोलण्यावर कोन इस्वास ठेवील, मी चौथी शिकलेली. म्हणून तर झेरॉक्स काढून तुमाला दिला वाचाय. तुमी भिऊ नये म्हणून."

मी मनात म्हणत होतो, दे. आता तरी दे, मावशी. मुडदा बशीव माझा, तोंडाला आग लाव, काय वाटेल ते म्हण. एक शिवी दिली असतीस तर मी तुझ्या पायांवर पडलो असतो, आणि पडल्यावर कदाचित उठताही आलं असतं.

ती पदर सावरत उठली, खोकला आवरला आणि आत जाताना उंबऱ्यात थांबली.

"चाय घेऊन जा," म्हणाली. "साखर किती घेता तुमी?"